बिल्ड मोडला, ग्रुपला कळवा!

बिल्ड मोडणाऱ्याच्या डोक्यावर बोकडाची शिंगं! काही सॉफ्टवेअर टीममध्ये ही शिक्षा खरोखर दिली जायची. स्टीव्ह मॅककॉनेल यांनी १९९६ मध्ये 'आयट्रिपलई सॉफ्टवेअर' मासिकात तिची नोंद करून ठेवली आहे. शिंगं नको असतील तर पाच डॉलर टीमच्या फंडात टाकायची सोय होती. आणखी काही ठिकाणी दोषी डेव्हलपरच्या दारावर लॉलीपॉप चिकटवलं जायचं आणि दुरुस्ती होईपर्यंत ते तिथून हलायचं नाही.

एवढा गाजावाजा कशासाठी? बिल्ड म्हणजे सगळ्यांचा कोड एकत्र आणून त्यातून चालतं सॉफ्टवेअर तयार करणं. एकाची एक ओळ चुकली की सगळ्यांचं काम अडतं. विंडोज एनटी पहिल्यांदा बाजारात आलं तेव्हा त्यात ५६ लाख ओळी होत्या, ४० हजार फाइलींत पसरलेल्या. पूर्ण बिल्डला कधीकधी १९ तास लागायचे, तरी टीम तो रोज करायची. शेवटच्या टप्प्यात डेव्हलपर मंडळी बीपर बाळगायची. पहाटे तीनला बिल्ड मोडला तर पहाटे तीनलाच बोलावणं!

दिवे आणि क्षेपणास्त्रं

टीमला बातमी द्यायला कधीकाळी वस्तूही वापरल्या जायच्या. २००४ च्या सुमारास लाव्हा लॅम्पची हौस होती: हिरवा पेटला तर सगळं ठीक, लाल पेटला तर गडबड. यातली गंमत मेणात आहे. ते तापून बुडबुडे उठायला वेळ लागतो, त्यामुळे लाल दिवा उकळायच्या आत बिल्ड दुरुस्त करायची शर्यत आपोआप सुरू होते.

पेपरकट या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या लोकांनी २०११ मध्ये त्यावर कडी केली. जेन्किन्स या आपोआप बिल्ड करणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यांनी यूएसबीवर चालणारा खेळण्यातला क्षेपणास्त्र-लाँचर जोडला. बिल्ड मोडला की लाँचर ज्याच्या कोडमुळे मोडला त्याच्या खुर्चीकडे वळायचा आणि फोमचा बाण सोडायचा. प्रकल्पाचं नाव 'रिटॅलिएशन', आणि कोड सगळ्यांसाठी खुला.

बोलणी खाऊन जन्मलेलं सॉफ्टवेअर

आता या जेन्किन्सबद्दल. कोसुके कावागुची २००४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्समध्ये होते. त्यांच्या हातून बिल्ड वारंवार मोडायचा आणि सहकारी वैतागायचे. आपली चूक इतरांच्या आधी आपल्याला कळावी म्हणून त्यांनी 'हडसन' लिहायला घेतलं. २०११ मध्ये त्याचंच 'जेन्किन्स' झालं. कावागुची जपानचे, आणि तिथे 'जा' सांगणारा सिग्नल निळा समजतात. म्हणून जेन्किन्समध्ये पास झालेला बिल्ड कित्येक वर्षं निळ्या गोळ्यानं दाखवला जायचा. हिरव्याची सवय असलेल्यांनी त्यासाठी 'ग्रीन बॉल्स' नावाचं वेगळं प्लगिन काढलं!

जेन्किन्स हवामानही सांगतो. शेवटचे पाच बिल्ड पास असतील तर लख्ख सूर्य, त्यातले फेल वाढत गेले की ढग, मग पाऊस, मग विजांचा कडकडाट. एका चिन्हात अलीकडची तब्येत कळते. मला ही कल्पना फार आवडते, कारण एका बिल्डच्या लाल-हिरव्यापेक्षा ती जास्त खरं सांगते.

चॅटवर बॉट आला

गप्पांच्या खोलीत यंत्रानं येऊन बोलायचं, ही स्लॅक या टीमसाठीच्या चॅट-अ‍ॅपनं शोधलेली गोष्ट नाही. फिनलंडच्या औलू विद्यापीठात १९८८ मध्ये यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी हे चॅटचं साधन तयार केलं आणि त्यावर बॉट लगेच रुळले. पुढे सीआयए नावाची सेवा आली (गुप्तहेरांशी संबंध नाही, नाव तेवढं तेच!). ओपन सोर्स प्रकल्पात कुणी कोड टाकला की तिचा बॉट चॅनेलवर जाहीर करायचा. २०१२ मध्ये ती बंद पडली आणि एरिक रेमंड यांनी 'इरकर' हा पर्याय लिहिला.

खुद्द स्लॅक जन्मलं ते एका गेमच्या पोटी. 'ग्लिच' नावाचा ऑनलाइन गेम बनवणाऱ्या टीमनं आपसात बोलायला आयआरसीवर बेतलेलं साधन केलं होतं. गेम २०१२ च्या अखेरीस बंद झाला आणि साधन जगभर गेलं.

बिल्डचा मेसेज स्लॅकवर पोचवायला लागतं तरी काय? एक वेबहुक, म्हणजे एक लांबलचक पत्ता. त्यावर 'टेक्स्ट' या नावाखाली दोन शब्द पाठवले की चॅनेलवर मेसेज हजर, आणि सर्व्हरकडून उत्तर फक्त 'ओके'. हा पत्ता ज्याच्या हाती लागेल तो तुमच्या चॅनेलवर वाटेल ते लिहू शकतो, तेव्हा तो पासवर्डसारखा जपा, कोडमध्ये टाकून गिटहबवर चढवू नका. आणि वेबहुकनं गेलेला मेसेज वेबहुकनंच मागे घेता येत नाही.

९७ ईमेल, ४५ मिनिटं

पण मेसेज पोचला म्हणजे वाचला गेलाच असं नाही. १ ऑगस्ट २०१२. अमेरिकेतली नाइट कॅपिटल ही शेअर व्यवहार करणारी कंपनी. नवा कोड आठ सर्व्हरांवर जायचा होता, सातांवरच गेला. आठव्यावर 'पॉवर पेग' नावाचा जुना, वापरातून गेलेला कोड तसाच राहिला. सकाळी ८ वाजून १ मिनिटापासून कंपनीची यंत्रणा आपोआप ईमेल पाठवू लागली, त्यात याच पॉवर पेगचं नाव घेऊन त्रुटी सांगितलेली. साडेनऊला बाजार उघडेपर्यंत असे ९७ ईमेल कर्मचाऱ्यांच्या एका गटाकडे गेले होते.

कुणी हलला नाही. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकानं पुढच्या वर्षी काढलेल्या आदेशात कारणही दिलं आहे: ते ईमेल धोक्याचा इशारा म्हणून योजलेलेच नव्हते आणि कर्मचारी सहसा ते वाचत नसत. बाजार उघडल्यावर ४५ मिनिटांत लाखो चुकीच्या ऑर्डरी गेल्या. तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर.

बातमी दीड तास आधी दारात उभी होती! म्हणून चॅनेलवर दिवसभर पडणाऱ्या हिरव्या मेसेजांची मला भीती वाटते. रोज मरे त्याला कोण रडे. 'बिल्ड सुरू झाला', 'पास झाला', पुन्हा 'सुरू झाला' वाचून लोक चॅनेल म्यूट करतात आणि खरा लाल मेसेज त्याच ढिगात जातो.

चार टिका कमी करा

जेन्किन्सच्या स्लॅक प्लगिनमध्ये कधी कळवायचं याचे रकाने असतात: सुरू झाल्यावर, यशावर, रद्द झाल्यावर, अस्थिर झाल्यावर, प्रत्येक अपयशावर आणि 'बॅक टू नॉर्मल'वर. हौसेनं सगळ्यांवर टिक मारू नका. अपयश आणि 'बॅक टू नॉर्मल' एवढे बहुतेक टीमना पुरतात. ट्रॅव्हिस सीआय या दुसऱ्या बिल्ड-सेवेत यशाबद्दल 'चेंज' असं लिहिलं की आधीचा फेल असेल तरच पास झाल्याची खबर येते. मोडला तेव्हा आणि सावरला तेव्हा, बाकी वेळी शांतता.

मेसेजमध्ये प्रकल्पाचं नाव, ब्रँच, कुणाचा कमिट आणि थेट लॉगची लिंक हवी. चॅनेलमधल्या सगळ्यांना हाक मारणारा '@चॅनेल' मुख्य ब्रँच मोडली तरच लावा. एखाद्याच्या प्रयोगाच्या ब्रँचसाठी शंभर जणांचे फोन वाजवू नका.

जमलं तर एक्झिट कोडही, म्हणजे प्रोसेस संपताना देते तो आकडा, मेसेजमध्ये टाका. ० म्हणजे सगळं ठीक. १२७ म्हणजे कमांडच सापडली नाही, बहुतेक एखादं टूल मशिनवर नाही. आणि १३७ दिसला तर कोडमधली चूक शोधत रात्र घालवू नका: १२८ अधिक ९ (सक्तीनं बंद करणाऱ्या सिग्नलचा क्रमांक), म्हणजे बाहेरून कुणीतरी प्रोसेस मारली. कंटेनरमध्ये बहुतेक वेळा मेमरी संपलेली असते, आधी ती वाढवून बघा.