खासदारांच्या बेरजा

जुलै २०२५मध्ये संसदरत्न पुरस्कार दिल्लीत दिले गेले. चेन्नईत राहणाऱ्या माझ्यासारख्या मराठी माणसाला हे जरा लागतेच, कारण हा खटाटोप मूळचा इथला. अब्दुल कलामांनी सुचवले, प्राइम पॉइंट फाउंडेशनच्या के. श्रीनिवासन यांनी मनावर घेतले आणि २०१०मध्ये कलामांच्या उपस्थितीत चेन्नईत पहिला सोहळा झाला.

त्याआधीच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. खासदार दिल्लीत काय करतो हे त्याच्या कार्यअहवालातून कळायचे, आणि तो छापायचा खासदारच. डिसेंबर २००५मध्ये मात्र प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल ११ खासदारांची हकालपट्टी झाली. त्यातले दोघे आपल्या जळगाव जिल्ह्यातले. त्याच वर्षी दिल्लीत पीआरएस ही संस्था उभी राहिली आणि पुढे प्रत्येकाची हजेरी, प्रश्न, चर्चा, खासगी विधेयके घरबसल्या पाहता येऊ लागली. संसदरत्न ठरवताना चेन्नईकर प्रश्न, चर्चा आणि खासगी विधेयके यांची बेरीज करतात; त्या बेरजेला कच्चा माल तिथलाच.

त्यानंतरचे दशक उमेदीचे होते, हे मान्यच करायला हवे. शिवाजीराव आढळराव, आनंदराव अडसूळ, सुप्रिया सुळे, श्रीरंग बारणे अशी नावे यादीत झळकायची आणि तमिळ शेजाऱ्यांपुढे आमची मान ताठ व्हायची. त्यांच्या खासदारांची गत वेगळी. २०१४मध्ये अण्णाद्रमुकचे ३९पैकी ३७ निवडून आले. २०१८च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात ते कावेरीच्या पाण्यासाठी लोकसभेच्या हौद्यात उतरले, पुढे कावेरीवरच्या मेकेदाटू धरणाविरोधात. २ जानेवारी २०१९ रोजी लोकसभाध्यक्ष असलेल्या आपल्या चिपळूणच्या सुमित्राताई महाजनांनी त्यांच्यापैकी २४ जणांना निलंबित केले. त्याच महिन्यात चेन्नईच्या राजभवनात संसदरत्नांचा सत्कार झाला. पुरस्काराच्या तक्त्यात कावेरीसाठी रकाना नव्हता.

बेरजेची गंमत तर आणखीच. एकाच प्रश्नाखाली पाच-सहा खासदारांची नावे असतात आणि तो प्रत्येकाच्या खात्यात जमा होतो. खासगी विधेयक नुसते मांडले की पुरे. १९७०नंतर त्यातल्या एकाचाही कायदा झालेला नाही. तमिळनाडूच्याच तिरुची सिवा यांनी एप्रिल २०१५मध्ये तृतीयपंथीयांच्या हक्कांचे विधेयक राज्यसभेत मंजूर करून घेतले. ४५ वर्षांत असे घडले नव्हते. बेरजेत त्याचे मोल मांडून विसरलेल्या विधेयकाइतकेच.

मोजणी सुरू झाली मतदारासाठी आणि जाऊन बसली फ्लेक्सवर. आकडे फुगत गेले, सभागृह मात्र आक्रसत गेले. पहिली लोकसभा ६७७ दिवस भरली होती, सतरावी २७४. पूर्ण मुदत लाभलेल्या लोकसभांमधला हा नीचांक. तिने पाच वर्षांत उपाध्यक्षही निवडला नाही. डिसेंबर २०२३मध्ये दोन्ही सभागृहांतले १४६ खासदार निलंबित झाले. त्यांत सुप्रिया सुळे आणि अमोल कोल्हे हे आपले संसदरत्नही होते.

सोहळा दिल्लीत होवो की चेन्नईत. तुमच्या चौकात खासदाराच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागला, की लोकसभेच्या संकेतस्थळावर जा, त्याने विचारलेला एखादा प्रश्न शोधा आणि त्याखालचे मंत्र्याचे उत्तर शेवटपर्यंत वाचा.