एका रुपयाचे अठ्ठेचाळीस मीटर : टॅक्सीच्या मीटरमधील हिशेब

टॅक्सीचे मीटर दोनच गोष्टी मोजते, चाकाचे फिरणे आणि वेळेचे सरकणे. प्रवासी कुठून निघाला, कोणत्या रस्त्याने चालला आहे आणि त्याला कुठे उतरायचे आहे, यांपैकी कशाचाही पत्ता या यंत्राला नसतो. मोजलेल्या या दोन राशी शासनमान्य दरपत्रकाशी ताडून निघणारी रक्कम काचेआडच्या लाल आकड्यांत दाखवायची, एवढेच काम त्याच्याकडे सोपवलेले असते. काम साधे दिसते, तरीही ‘मीटर फास्ट आहे’ हा प्रवाशाचा संशय आणि ‘मीटर पास केलेले आहे’ हे चालकाचे उत्तर, असा वाद मुंबईत पिढ्यानपिढ्या चालत आलेला आहे. त्याचा निवाडा करायचा तर आकडा दिसण्याआधी यंत्रात काय घडते ते पाहावे लागते.

अंतराची मोजणी गिअरबॉक्सपाशी सुरू होते. जुन्या गाड्यांत गिअरबॉक्समधून निघणारी फिरती केबल स्पीडोमीटरचा काटा हलवीत असे आणि यांत्रिक मीटरही अशाच केबलच्या गतीवर चाले. इलेक्ट्रॉनिक मीटरसाठी तिथे एक छोटा सेन्सर बसवतात. फिरत्या भागावरील चुंबक या सेन्सरसमोरून गेला की त्यात विजेचा दाब क्षणभर बदलतो (एडविन हॉल या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये शोधलेला हा परिणाम त्याच्याच नावाने ओळखला जातो) आणि त्या प्रत्येक बदलाबरोबर मीटरकडे विजेचा एक ठोका जातो. मीटरला कळतात ते एवढे ठोकेच. किती ठोके म्हणजे एक किलोमीटर, हे त्याला बाहेरून सांगावे लागते. हा आकडा मीटरचा स्थिरांक म्हणून ओळखला जातो आणि तांत्रिक दस्तऐवजांत तो ‘के’ या अक्षराने लिहितात. गाडीचा प्रकार, गिअरबॉक्समधील दात आणि टायरचा घेर यांनुसार प्रत्यक्षात एका किलोमीटरला जितके ठोके पडतात तितकाच आकडा मीटरमध्ये भरलेला असणे, हा सगळ्या हिशेबाचा पाया आहे. तो आकडा दहा टक्क्यांनी कमी भरला, तर पुढचे सारे गणित बिनचूक असूनही दर नऊशे मीटरला मीटर एक किलोमीटर धरत राहील.

टायर हा या साखळीतील सर्वांत कच्चा दुवा होय. नव्या टायरची त्रिज्या २८० मिलिमीटर मानली, तर चाकाच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे १,७५९ मिलिमीटर पुढे जाते. झिजून त्याच टायरची जाडी सहा मिलिमीटरने घटली की हे अंतर सुमारे १,७२२ मिलिमीटरवर येते. चाकाला तेवढाच रस्ता कापण्यासाठी जास्त फेरे घ्यावे लागतात, ठोके जास्त पडतात आणि दहा किलोमीटरच्या प्रवासाची नोंद सव्वादहाच्या जवळ जाते. चालकाने काहीही केलेले नसते, मीटरचे सीलही शाबूत असते, तरी दोन टक्क्यांहून थोडे अधिक भाडे प्रवाशाच्या खिशातून जाते. हवा कमी असलेल्या टायरचा परिणामही याच दिशेने होतो, उलट मापापेक्षा मोठे टायर बसवले तर नुकसान चालकाचे. ‘फास्ट मीटर’चा आरोप प्रत्येक वेळी लबाडीचा नसतो तो यामुळे, अर्थात लबाडीही असते आणि तिचा विचार पुढे येईल.

मोजलेल्या अंतराचे रुपये कसे होतात, ते मुंबईच्या दरांवरून नीट दिसते. मुंबई महानगर प्रदेशात १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दरांनुसार काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे पहिल्या दीड किलोमीटरचे किमान भाडे ३१ रुपये आणि त्यापुढे प्रत्येक किलोमीटरला २०.६६ रुपये असे ठरले. रिक्षासाठी हेच आकडे २६ रुपये आणि १७.१४ रुपये असे आहेत. २०.६६ ला दीडने गुणले की ३०.९९ येतात, म्हणजे किमान भाड्यात ‘बसण्याचे’ वेगळे पैसे धरलेलेच नाहीत, ते निव्वळ दीड किलोमीटरचे भाडे आहे. रिक्षाचा गुणाकार २५.७१ येतो आणि त्याचे २६ होतात. दीड किलोमीटरपेक्षा कमी जाणाऱ्याला न वापरलेल्या अंतराचे पैसे पडतात हे खरे, पण लांब जाणाऱ्यावर सुरुवातीच्या रकमेचा कोणताही जादा बोजा नाही. न्यूयॉर्कमध्ये गाडीत बसताक्षणीच लागणारी रक्कम अंतरापासून वेगळी असते, त्यामुळे दोन शहरांच्या किमान भाड्यांची वर्तमानपत्री तुलना बहुधा फसवी ठरते.

पाच किलोमीटरच्या प्रवासात पहिले दीड किलोमीटर ३१ रुपयांत गेले की उरलेल्या साडेतीन किलोमीटरचे ७२.३१ रुपये होतात, बेरीज १०३.३१, आणि जवळचा पूर्ण रुपया धरला तर १०३. दीड किलोमीटर ओलांडल्यावर दर ४८.४ मीटरला एक रुपया वाढतो, म्हणून मोकळ्या रस्त्यावर ताशी पन्नास किलोमीटर वेगाने जाणाऱ्या टॅक्सीत आकडा साडेतीन सेकंदांना पुढे सरकताना दिसतो. इथे एक बारीक अडचण आहे. एका किलोमीटरला चार हजार ठोके पडतात असे समजले, तर एका रुपयाचे ठोके १९३.६ येतात, आणि सहा दशांश ठोका मोजण्याची सोय कोणत्याच यंत्रात नाही. प्रत्येक वेळी १९३ वरच रुपया वाढवला तर प्रवाशाचे, १९४ वर वाढवला तर चालकाचे थोडे थोडे नुकसान दिवसभर साचत जाते. यासाठी मीटरमधील सूक्ष्मनियंत्रक, म्हणजे एकाच चिपवर मावणारा छोटा संगणक, रुपयागणिक नव्याने मोजणी सुरू करीत नाही. उरलेला अपूर्णांक तो पुढे ओढतो किंवा आरंभापासूनच्या एकूण ठोक्यांवरून रक्कम काढतो. दाखवायचा आकडा पूर्ण रुपयांत, हिशेब मात्र पैशांच्याही खाली, अशी ही व्यवस्था असते.

वेळेचा प्रश्न अधिक रंजक आहे. सिग्नलला किंवा कोंडीत अडकलेल्या टॅक्सीचे चाक फिरत नाही, म्हणून ठोकेही पडत नाहीत, पण चालकाचा वेळ तर जातच असतो. मीटरमध्ये यासाठी क्वार्ट्‌झ स्फटिकावर चालणारे घड्याळ असते. मनगटी घड्याळांत वापरला जाणारा या जातीचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की नेमका एक सेकंद मिळतो. अंतर आणि वेळ यांची सांगड घालण्याच्या दोन रीती जगात रूढ आहेत. एकीत दोन्हींचे पैसे सतत आणि एकत्र जमा होतात. दुसरीत त्या क्षणी ज्याचे पैसे जास्त होतील त्याचेच तेवढे जमा होतात. दुसऱ्या रीतीत एक सीमावेग आपोआप तयार होतो. न्यूयॉर्कमध्ये डिसेंबर २०२२ पासूनच्या दराप्रमाणे मैलाच्या पाचव्या हिश्श्याला ७० सेंट, किंवा गाडी संथ अथवा उभी असताना मिनिटाला ७० सेंट पडतात. म्हणजे मैलाला साडेतीन डॉलर आणि तासाला ४२ डॉलर. ४२ ला साडेतीनने भागले की १२ येतात, आणि ताशी १२ मैल, म्हणजे सुमारे १९ किलोमीटर, हीच तिथल्या नियमात लिहिलेली सीमा आहे. त्याहून वेगाने गाडी गेली की अंतराचा दर, त्याखाली वेग आला की मिनिटांचा.

यांत्रिक मीटरमध्ये हाच निवाडा गणिताविना होत असे. फ्रीडरिश विल्हेल्म गुस्ताव ब्रून या जर्मन संशोधकाने १८९१ मध्ये तयार केलेल्या मीटरपासून पुढे सुमारे शतकभर जी यंत्रे चालली, त्यांत चाकाकडून येणारी एक गती आणि घड्याळाकडून येणारी दुसरी गती एकाच दांड्यावर एकेरी फिरणाऱ्या दातेरी चाकांमार्फत आणलेली असे. ज्या बाजूची गती जास्त ती दांडा फिरवी आणि दुसरी बाजू नुसतीच घसरत राही. त्या काळच्या कारागिरांचे हे कसब आजच्या चिपपेक्षा काकणभर सरसच म्हणावे लागेल. दोष होता तो निराळ्याच ठिकाणी. भाड्याचा दर दात्यांच्या प्रमाणात कायमचा कोरलेला असल्याने दर बदलला की यंत्र बदलणे भाग पडे, आणि हजारो गाड्यांची यंत्रे बदलणे परवडणारे नव्हते. म्हणून मुंबईत मीटर जुन्याच दराचे आकडे दाखवीत राहिले आणि त्यांचे आजच्या रुपयांत रूपांतर करणारे टॅरिफ कार्ड चालकाच्या खिशात आले. मीटरवर १.६० दिसले की कार्डावरील त्या ओळीत बोट ठेवून रक्कम वाचायची, हा व्यवहार इतका अंगवळणी पडला होता की परगावच्या पाहुण्याला तो समजावून सांगताना यजमानाचीच तारांबळ उडे.

फिएट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी टॅक्सीच्या डाव्या अंगाला बाहेर बसवलेले ते मीटर आणि त्यावरील फिरती पाटी यांतूनच ‘मीटर टाकणे’, ‘मीटर डाऊन करणे’ हे शब्दप्रयोग रुळले. २०१२ च्या आसपास मुंबईत इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे झाले आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेल्या; शब्द तेवढे टिकले. आता पाटी फिरवण्याऐवजी बटण दाबले जाते, तरी पाटीच्या जागा यंत्राने आत सांभाळलेल्या आहेत. गाडी रिकामी असणे, प्रवासी बसलेला असणे आणि प्रवास संपून पैसे देण्यासाठी हिशेब थांबलेला असणे अशा तीन स्थिती मीटर ओळखते. तिसऱ्या स्थितीत वेळेची मोजणी बंद व्हावी लागते, अन्यथा सुट्या पैशांची शोधाशोध होईपर्यंत भाडे वाढतच राहील. रक्कम, अंतर आणि थांबलेला वेळ वेगवेगळे दिसतात, आणि यांत्रिक मीटरमध्ये ही सोय नसल्याने प्रवाशाच्या हाती पडताळणीचे पहिलेच खरे साधन आले आहे: अंतराचा आकडा घ्यावा, त्यातून दीड वजा करावे, उरलेल्याला दराने गुणून किमान भाडे मिळवावे. घड्याळ आतच असल्याने मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंतचा सव्वापट दरही यंत्रालाच लावता येतो.

इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये दर हा स्मृतीत ठेवलेला एक तक्ता आहे. तो बदलायला मिनिटभरही पुरावे, आणि तरीही २०२५ च्या भाडेवाढीनंतर मुंबईकरांच्या हाती पुन्हा टॅरिफ कार्डच आले. कारण यंत्रात नाही, सीलमध्ये आहे. पैशांची देवघेव ज्या मापावर होते ते माप २००९ च्या वैध मापन शास्त्र कायद्याखाली येते, मग तो किराणा दुकानाचा काटा असो वा टॅक्सीचे मीटर. त्याची तपासणी होऊन शिक्का बसावा लागतो आणि ठरावीक मुदतीने तो नव्याने घ्यावा लागतो. दराचा तक्ता आणि स्थिरांक शेजारीशेजारी एकाच पेटीत असल्याने एक बदलण्यासाठी उघडलेली पेटी दुसऱ्यालाही हात लावू देते. म्हणून दर बदलल्यावर प्रत्येक गाडीचे सील तोडायचे, तक्ता भरायचा, ठरावीक अंतर चालवून मीटर खरे उतरते का ते पाहायचे आणि पुन्हा सील करायचे, या सोपस्काराला पर्याय राहत नाही. शहरातील हजारो टॅक्सी आणि त्यांच्या कित्येक पट रिक्षा या रांगेतून जाईपर्यंत काही महिने लोटतात. तोवर नव्या आणि जुन्या दराची मीटरे एकाच रस्त्यावर धावतात आणि वादांना ऊत येतो.

या दिरंगाईवर होणारी टीका बरीचशी रास्त आहे, पण सील हा केवळ कागदी सोपस्कार समजणे चुकीचे ठरेल. इलेक्ट्रॉनिक मीटर फसवण्याचा सोपा मार्ग गणित बिघडवण्याचा नसून खोटे ठोके पुरवण्याचा आहे. सेन्सरपासून मीटरपर्यंत येणाऱ्या तारेत मध्येच एक लहानसे सर्किट जोडले आणि त्याचे बटण चालकाच्या हाताशी दडवले, तर हव्या त्या वेळी जादा ठोके पडतात. मीटर ते इमानेइतबारे मोजते, आणि अंतराचाही आकडा फुगत असल्याने गुणाकार करून पाहणाऱ्या प्रवाशाला सारे जुळलेलेच दिसते. म्हणूनच सील एकट्या पेटीला पुरत नाही, सेन्सर आणि तारेच्या जोडण्यांनाही लागते. प्रवाशाने संशय आल्यास रकमेपेक्षा मीटरवरील अंतराकडे पाहावे आणि ते फोनमधील नकाशाच्या अंतराशी ताडावे; दोन-तीन टक्क्यांचा फरक टायरचा असू शकतो, पंधरा-वीस टक्क्यांचा असू शकत नाही.

मग चाक सोडून थेट उपग्रहांवरूनच अंतर का मोजू नये, असा प्रश्न अ‍ॅपवरच्या टॅक्सींमुळे साहजिकच पुढे येतो. जीपीएस काही क्षणांच्या अंतराने गाडीचे स्थान ठरवते आणि ते बिंदू जोडून मार्ग काढते. टायरच्या झिजेशी त्याला देणेघेणे नसते आणि दर बदलायला पेटी उघडावी लागत नाही. मात्र गिरगाव ते प्रियदर्शिनी पार्क या किनारी मार्गाच्या सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या बोगद्यात शिरलेल्या फोनला आकाश दिसत नाही, आणि दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या गल्लीत इमारतींवरून परावर्तित होणाऱ्या संकेतांमुळे बिंदू रस्त्याबाहेर भरकटतात. चाकाचे ठोके बोगद्यातही पडत राहतात. युरोपीय संघाच्या मापन-उपकरणविषयक निर्देशानुसार टॅक्सीमीटरला वेळेत ०.१ टक्का आणि अंतरात ०.२ टक्के एवढीच चूक माफ असते, अगदी कमी अंतरासाठी चार मीटरची. अर्थात ही सवलत टायर वगळून केवळ यंत्रासाठी आहे. त्याच निर्देशात मोजणीशी संबंधित सॉफ्टवेअरची ओळख सहज पटली पाहिजे आणि त्यात कोणी हात घातल्यास त्याचा पुरावा वाजवी काळ उपलब्ध राहिला पाहिजे, अशीही अट घातलेली आहे.