चपला, पाणी आणि दोन पुरावे

६ मार्च २०१८ला नाशिकहून निघालेला किसान सभेचा लाँग मार्च ११ तारखेला, रविवारी, ठाण्याकडून मुंबईत शिरला. सुरगाणा, पेठ, दिंडोरी आणि पालघरच्या बाजूची माणसं, त्यांतली बरीचशी आदिवासी. साधारण १८० किलोमीटर चाल. मी तेव्हा नोकरीसाठी विक्रोळीला राहायचो. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एरवी पार्किंगवरून भांडणं चालतात. त्या दिवशी एकच विषय होता, पाणी घेऊन कुठे उभं राहायचं.

पुढचं सगळं वर्तमानपत्रांत आलंच आहे. कोणी पाणी दिलं, कोणी जेवण, डबेवाले पुढे आले, शीख आणि मुस्लिम मंडळी वाटेत खायला घेऊन उभी राहिली. अनवाणी सोललेल्या पायांचे फोटो पाहून लोकांनी घरातल्या चपला आणून दिल्या. आणि मोर्चेकऱ्यांनीही शहराला काही दिलं. सोमवारी दहावीचा पेपर होता. मुलांना त्रास नको म्हणून सोमय्या मैदानावर जेमतेम पाठ टेकून ही माणसं मध्यरात्रीनंतर पुन्हा उठली आणि पहाटेपर्यंत आझाद मैदानावर पोचली. आमच्या मजल्यावरची दहावीतली मुलगी वेळेत परीक्षेला गेली.

महामार्गाच्या कडेला पाण्याच्या बाटल्या देताना सुरगाण्याकडच्या एका आजीने मला थांबवलं. पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. "पोरा, यात किती लिवलंय ते वाच." वीस गुंठे, मी वाचलं. "आम्ही तीन एकर कसतो. बाकीची कुणाची?" मला उत्तर देता आलं नाही. तिने कागद नीट घडी घालून ठेवला, बाटली घेतली आणि चालू लागली.

तो प्रश्न घेऊन मी वन हक्क कायदा वाचला. २००६चा कायदा आहे. १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून जी वनजमीन आदिवासी कुटुंब प्रत्यक्ष कसतंय, ती जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत त्याच्या हक्काची. दावा ग्रामसभेकडे करायचा, मग तो उपविभागीय समितीकडे आणि शेवटी कलेक्टरांच्या जिल्हा समितीकडे जातो. सोबत एकाहून अधिक पुरावे हवेत. दंडाची जुनी पावती चालते, शेताचे बांध, विहीर, घर, पूर्वजांची दफनभूमी चालते, गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबसुद्धा चालतो. कागद न जपणाऱ्या समाजासाठी केलेला शहाणा नियम आहे हा. पण तालुक्याला बरेचदा सरकारी कागदच मागतात, नाहीतर उपग्रहाचं चित्र पुढे करतात.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. पीक निघाल्यावर डोंगरउतारावरचं नागलीचं शेत वरून ओसाड माळासारखं दिसतं. आदिवासी शेतकरी मोहाचं झाड तोडत नाही, त्यामुळे शेतात चार मोह उभे असले की चित्रात ते जंगल. म्हणून तर २०१२ला नियमांतच घातलं गेलं की असं चित्र पुराव्याला जोड म्हणून चालेल, बाकी पुराव्यांच्या जागी नाही. आपल्या गुजरातच्या उच्च न्यायालयानेही २०१३मध्ये फेटाळलेले दावे पुन्हा तपासायला सांगितले.

दावा फेटाळला म्हणजे काय होऊ शकतं, हे १३ फेब्रुवारी २०१९ला कळलं. अंतिमतः दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना दिला. पंधरवड्यात, २८ फेब्रुवारीला, तो स्थगित झाला. मधले दिवस त्या पाड्यांवर कसे गेले असतील! मुंबईत सरकारने सहा महिन्यांत दावे निकाली काढण्याचं लेखी आश्वासन दिलं होतं, तरी २०१९मध्ये लोक पुन्हा नाशिकहून निघाले आणि २०२३मध्ये पुन्हा, वाशिंदपर्यंत.

२०२०पासून मी घरी, बडोद्यात आहे. राजपिपळा इथून दीड-दोन तासांवर, पुढे डेडियापाडा, आणि त्यापलीकडे नंदुरबारचं अक्कलकुवा. सीमा नकाशावर, माणसं दोन्हीकडे भिल्लच. आम्ही चार-पाच जण सवड काढून तिथल्या वन हक्क समित्यांना मोजणीला मदत करतो. काम अगदी साधं. शेतकरी पुढे, शेजारच्या शेताचा मालक बाजूला, जीपीएस यंत्र हातात, आणि बांधावरून पूर्ण फेरी. मोबाइलचं जीपीएस उघड्यावर तीन-पाच मीटरने चुकतं, सागाच्या झाडीखाली त्याहून जास्त. अर्ध्या एकराच्या तुकड्यात एवढी चूक परवडत नाही, म्हणून कोपऱ्यावर थांबून पुन्हा पुन्हा नोंद घ्यावी लागते. मग नकाशा छापून ग्रामसभेत मोठ्याने वाचायचा. तिथे खरी तपासणी होते. "हा नाला माझ्या नाही, त्याच्या बाजूला," असं कोणीतरी म्हणतं आणि आम्ही पुन्हा चालतो.

आपल्या मंडळातल्या दोन निवृत्त तलाठीकाकांनी जुने दाखले शोधण्याचं काम उचललंय. जुनी दंडपावती कोणत्या रजिस्टरात सापडेल हे त्यांना तोंडपाठ आहे, जे माझ्या कुठल्याही सॉफ्टवेअरला जमणार नाही. मात्र दोघांचे गुडघे दुखतात, म्हणून चालायला तरुण हवेत. दिवाळीनंतर भात कापून झालं की पुढची मोजणी. येणाऱ्यांनी बूट घालून या, पाणी स्वतःचं आणा. जेवण पाड्यावर असतं, नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ, आणि ते नाकारलेलं त्यांना आवडत नाही.