मिल्ट्रीवाल्याचं घर

जवळा बाजारात माजी सैनिकाला अजून ‘मिल्ट्रीवाले’च म्हणतात, आणि मिल्ट्रीवाल्याला घर नसेल यावर कोणाचा विश्वास बसत नाही. पेन्शन येते, कॅन्टीनचं सामान येतं, मग घर कसं नाही? परभणी-हिंगोली रस्त्यावरच्या या बाजारगावात एक निवृत्त हवालदार आसपासच्या खेड्यांतल्या फौजींचे आणि त्यांच्या विधवांचे अर्ज भरून देतात. पैसे घेत नाहीत, चहा नाकारत नाहीत. त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलं की कळतं, घर नसलेले फौजी आहेत. फक्त ते रस्त्यावर दिसत नाहीत. कोणी भावाच्या ओसरीत असतो, कोणी मुलीकडे, कोणी शेतातल्या आखाड्यावर पत्र्याखाली.

अमेरिकेत दरवर्षी जानेवारीतल्या एका रात्री बेघरांची मोजणी होते आणि तीत माजी सैनिकांचा आकडा वेगळा निघतो. 2024 मध्ये तो 32,882 होता. आपल्याकडे असा रकाना नाही. असता तरी आखाड्यावर झोपणारा माणूस त्यात बसला नसता, कारण सातबाऱ्यावर त्याच्या बापाचं नाव असतंच.

मी होतो त्या दुपारी साठीच्या पुढच्या एक बाई आल्या. मालक वारलेले. पिशवीतून त्यांनी प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक काढलं. पानांच्या कडा पिवळ्या पडलेल्या, आत मिसरूड फुटलेल्या पोराचा फोटो, नंबर, उंची, ओळखीची खूण म्हणून भुवईवरचा व्रण. मला तो फोटो बघत बसावासा वाटत होता. हवालदारांनी मात्र सरळ नोकरीच्या तारखांवर बोट ठेवलं.

“मावशी, नऊच वर्षं झाली की. सोडून आले का?”

“सासरे खाटेवर पडले अन् रान बघायला कोणी नव्हतं.”

इथंच अर्धा निकाल लागला. जवानाला पेन्शन बसायला पंधरा वर्षांची नोकरी लागते. त्याआधी घरी परतलेल्याला गाव मिल्ट्रीवाले म्हणत राहतं, पण दर महिन्याला त्याच्या खात्यात काही पडत नाही. अशांसाठी ध्वजदिन निधीतून चालणारी एक मदत आहे. 7 डिसेंबरला शाळा-कचेऱ्यांतून गोळा होतो तोच हा निधी. पेन्शन नसलेला, हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याचा माजी सैनिक किंवा त्याची विधवा, वय 65 पूर्ण; अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत दिल्लीच्या केंद्रीय सैनिक बोर्डाकडे जातो. महिन्याला 4,000 मिळायचे, नोव्हेंबर 2025 पासून 8,000 झाले. यात घर बांधून होत नाही, भाडं मात्र निघतं.

हवालदारांनी आधार कार्ड मागितलं. जन्मतारीख 1 जानेवारी 1963. त्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस एक जानेवारीलाच असतो, कारण कार्ड काढणाऱ्याने वर्ष अंदाजाने विचारलं आणि तारीख स्वतः टाकली. “मी याच्याहून मोठी हाय,” बाई म्हणाल्या. असतीलही. पण शाळेचा दाखला नाही, म्हणून त्या 65 च्या 2028 मध्येच होणार. शिवाय फौजेच्या कागदावर त्यांच्या नावापुढं ‘बाई’ नाही, आधारवर आहे.

हे ‘बाई’ आणि पुरुषांच्या नावातलं ‘राव’ प्रकरण वाटतं तेवढं किरकोळ नाही. फौजेत लग्न झालं, मूल झालं, की युनिट ‘पार्ट टू ऑर्डर’ काढतं आणि नोंद रेकॉर्ड ऑफिसला जाते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. सुट्टीवर आलेल्या पोराने लग्न केलं आणि परत गेल्यावर नोंद करायची राहिली, तर फौजेच्या लेखी तो बिनलग्नाचाच राहतो. मग प्रतिज्ञापत्र, पत्रव्यवहार, वाट बघणं. माझ्या मते या सगळ्या कामात योजनांचं ज्ञान चार आणे आणि नावं जुळवणं बारा आणे.

पेन्शनवाल्यांची कथा उलटी. घरकुलाच्या यादीत घरातल्या कोणाचीही कमाई महिन्याला 15,000 च्या वर गेली की नाव गळतं. आधी ही रेषा 10,000 वर होती. पेन्शन रेषा ओलांडते, पण तेवढ्यात काळ्या जमिनीवर घर उभं राहत नाही. इथली माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खोल खणून मुरूम भरल्याशिवाय जोतं टिकत नाही, आणि भिंत वर यायच्या आत पैसा जमिनीत जातो. घरकुलाच्या अग्रक्रमात लढाईत मारल्या गेलेल्या सैनिकाची विधवा आहे. जिवंत परतलेल्याला वेगळी जागा नाही.

राज्याची बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना 2020 ची. तीत राहत्या एका घराची घरपट्टी माफ होते. चांगली योजना आहे, पण माफीसाठी आधी घर हवं, तेही आपल्या नावावर. ग्रामपंचायतीचा नमुना 8 काढला की मालकाच्या रकान्यात वारलेले वडील निघतात आणि वाटणी झालेली नसते. राहिली सरकारी जमीन. ती माजी सैनिकांना देण्याची तरतूद 1971 च्या नियमांत आहे. पण गावात उरलंय ते गायरान, आणि ते देण्यावर बंधनं घालणाऱ्या 2011 च्या शासन निर्णयानंतर त्याला हात लावायला कोणी धजावत नाही. याच जिल्ह्यात, हिंगोलीला, 1903 पर्यंत निजामाच्या हैदराबाद कंटिंजंटची अख्खी छावणी होती. रिसाला बाजार हे नाव तेवढं राहिलं. पलटणीला तेव्हा जागा कमी पडली नव्हती.

बाईंचा कागद अखेर वेगळ्याच वाटेने गेला. हवालदारांनी डिस्चार्ज बुक त्यांच्याकडे परत दिलं आणि म्हणाले, “मावशी, आता मिल्ट्रीचं बाजूला ठेवा. विधवा, भूमिहीन, पक्कं घर नाही, असं लिहू.” शेती दिरांनी कधीच विकलेली. सर्वेक्षणाच्या यादीत नाव असेल तर घरकुलाचे 1,20,000, रोजगार हमीची 90 दिवसांची मजुरी, संडासाचे 12,000, राज्याचे वाढीव 50,000. पाच ब्रास वाळूही फुकट आहे, फक्त ती आणण्याचं ट्रॅक्टरभाडं आपलं. जागा नाही म्हणून दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागाखरेदीला एक लाखापर्यंत मिळू शकतात, पण गावठाणालगत तेवढ्यात जागा देणारा माणूस आधी शोधायला हवा.

“सरपंचाला म्हणा, मिल्ट्रीवाल्याची बायको हाय?” बाईंनी विचारलं.

“म्हणा की. पण अर्जात त्याला रकाना नाही.”

मग त्यांनी चिठ्ठीवर जॉब कार्ड, पासबुक, रहिवासी दाखला, मालकांचा मृत्यूचा दाखला असं ओळीने लिहून दिलं. पुढच्या फौजीने तोवर आपली पेन्शन स्लिप टेबलावर ठेवली होती. त्याच्या नावात ‘राव’ जास्तीचा होता.