जुन्या वर्तमानपत्रांचा खर्च कोणी उचलायचा?

तुर्भ्याच्या बाजार समितीच्या आवारात जुना वर्तमानपत्राचा कागद काही वाया जात नाही. फळांच्या पेटीत, मसाल्याच्या पुडीत तो कामाला येतो. जवळपासच्या रद्दीच्या दुकानांत घरोघरचा कागद किलोच्या भावाने जातो. त्यात परवाचा पेपर असतो, तशी एखाद्या आजोबांनी वर्षानुवर्षे बांधून ठेवलेली फाइलही असते. भाव दोन्हीला एकच.

त्या फायलीत काय असते? शाळेसाठी जमवलेल्या वर्गणीची यादी, अंजुमनच्या सभेचा वृत्तांत, जमिनीची जाहीर नोटीस, कुणाच्या इंतकालची बातमी. आपल्या वडीलधाऱ्यांचे सार्वजनिक जीवन पुस्तकांत थोडे आणि वर्तमानपत्रांत जास्त सापडते. फिरोजशहा मेहता यांनी १९१३ मध्ये काढलेल्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादन सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी यांनी वीस वर्षांहून अधिक काळ केले आणि स्वातंत्र्यलढ्याची बाजू मांडली. अब्दुल हमीद अन्सारी यांनी १९३८ मध्ये मुंबईत ‘इन्किलाब’ सुरू केला. मुस्लिमांनी त्या काळात काय केले, असे आज कुणी विचारले तर त्याचे तारीखवार उत्तर अशा अंकांत आहे.

मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने ‘ग्रंथ संजीवनी’ या संकेतस्थळावर दुर्मीळ ग्रंथ, नकाशे आणि जुनी वर्तमानपत्रे ठेवली आहेत. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे अंकही त्यात आहेत. तुर्भ्यात राहणाऱ्या विद्यार्थ्याला त्यासाठी दिवस मोडून फोर्टला जावे लागत नाही.

मग सगळेच अंक असे का मिळत नाहीत? कारण पैसा. एका चार पानी दैनिकाचा हिशेब करून पाहा. वर्षाला साधारण ३०० अंक, म्हणजे १,२०० पाने. तीस वर्षांची ३६,००० पाने झाली. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. तो पिवळा पडतो, घडीवर तुटतो, आणि मुंबईच्या दमट हवेत लवकर खराब होतो. आधी पाने साफ करायची, सांधायची, हरवलेले अंक दुसऱ्या ग्रंथालयांत शोधायचे. त्यानंतर स्कॅनिंग. मग प्रत्येक अंकाची नोंद करायची, म्हणजे तारीख टाकली की नेमका तोच अंक उघडला पाहिजे.

उर्दूचे काम आणखी अवघड. संगणक येण्याआधी उर्दू वर्तमानपत्रे कातिब हाताने लिहीत. नस्तालिक लिपीत अक्षरे तिरकी, एकावर एक चढलेली. ती यंत्राला वाचता येण्यासाठी जाणकार माणसे लागतात आणि त्यांना मेहनताना द्यावा लागतो. शिवाय सर्व्हर आणि राखीव प्रती यांचा खर्च दरवर्षी चालूच राहतो.

जगात हा खर्च तीन तऱ्हांनी भागवला जातो. ब्रिटनमध्ये ब्रिटिश लायब्ररीचे जुने अंक एका खासगी कंपनीच्या भागीदारीत स्कॅन झाले. बहुतेक पाने पाहायला वर्गणी भरावी लागते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे ‘ट्रोव्ह’ सर्वांना मोफत आहे, पण पैसे संपत आल्याने ते बंद पडण्याची वेळ आली होती. २०२३ मध्ये सरकारने चार वर्षांसाठी ३ कोटी ३० लाख डॉलर आणि पुढे दरवर्षी ठरावीक रक्कम मंजूर केली, तेव्हा ते वाचले. तिसरी तऱ्हा दात्यांची. उद्योजक संजीव सराफ यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘रेख्ता’वर आज उर्दूची असंख्य पुस्तके आणि नियतकालिके विनामूल्य वाचता येतात.

ही तिसरी तऱ्हा आपल्याला परकी नाही. मदरशांना, कुतुबखान्यांना पुस्तके वक्फ करण्याची रीत जुनी आहे. लोकांना उपयोगी पडत राहणारे इल्म मागे ठेवणे ही सदका-ए-जारियाच आहे. जकातीचे हक्कदार मात्र ठरलेले आहेत. त्या रकमेला हात न लावता हे काम ऐच्छिक दानातून व्हावे. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथ दत्तक योजनेत दाता एखाद्या ग्रंथाच्या जतनाचा खर्च उचलतो. त्याच धर्तीवर एखादी जमात किंवा चार कुटुंबे मिळून एका वर्तमानपत्राचे एक वर्ष दत्तक घेऊ शकतात.

पैसे देताना तीन गोष्टी संस्थेकडून लेखी घ्याव्यात. पाने सर्वांना मोफत दिसतील का? दरवर्षीच्या देखभालीची तरतूद आहे का? मूळ कागद स्कॅननंतर कुठे राहील? लेखकाच्या नावाने छापलेल्या मजकुरावर त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे कॉपीराइट असतो, म्हणून हक्काचा मुद्दाही आधीच मिटवावा.

आणि हे सगळे होईपर्यंत एक काम बिनखर्चाचे आहे. घर बदलताना, मशिदीचे किंवा मदरशाचे कपाट रिकामे करताना जुनी फाइल दिसली तर ती रद्दीत देऊ नका. तिला चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधू नका. कोरड्या जागी आडवी ठेवा, वर्तमानपत्राचे नाव आणि वर्षे कागदावर लिहून घ्या आणि जवळच्या ग्रंथालयाला कळवा. संस्थेकडे पैसे येतील तेव्हा स्कॅन करायला अंक तरी शिल्लक असला पाहिजे.