डोक्यावरचे वस्त्र : अर्थ आणि आवश्यकता



मुस्लिम स्त्रिया डोक्याला स्कार्फ का बांधतात आणि तो बांधणे खरेच आवश्यक आहे का, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत आपल्या बैठकीच्या खोलीतही येऊन बसला आहे. टीव्हीवर वाद सुरू झाला की घरातला प्रत्येक जण मत देतो. जिच्याविषयी बोलणे चालले असते ती मात्र तिथे नसते. मी जैन आहे, होमिओपॅथीचा डॉक्टर आहे. इस्लामी धर्मशास्त्रावर निवाडा देण्याचा अधिकार मला नाही. पण लामत्यासारख्या गावात दवाखाना चालवायचा म्हणजे सगळ्या मोहल्ल्यांतल्या लेकीसुनांचे ऐकावे लागते. जे वाचले आणि जे ऐकले, ते नीट लावून आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम शब्द पाहू. हिजाब, नकाब आणि बुरखा हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. ‘हिजाब’ म्हणजे अरबीत पडदा, आडोसा. कुराणात हा शब्द अंगावरच्या वस्त्रासाठी येत नाही. 33व्या सूरहमध्ये पैगंबरांच्या घरच्या स्त्रियांकडे काही मागायचे झाल्यास आडोशामागून मागावे, अशा संदर्भात तो आला आहे. केस, कान आणि मान झाकणाऱ्या वस्त्राला हिजाब म्हणणे हा पुढच्या काळातला वापर. त्या वस्त्रासाठी जुना शब्द ‘खिमार’, आपल्या ओढणीच्या जवळचा. अंगभर घ्यायचे मोठे वस्त्र ते ‘जिलबाब’. चेहरा झाकतो तो नकाब आणि सर्वांगावरून येतो तो बुरखा. बोहरा स्त्रियांचा रंगीत, लेस लावलेला दोन भागांचा पोशाख म्हणजे रिदा. त्यात चेहरा उघडा असतो. आजचा आपला विषय डोक्यावरच्या वस्त्रापुरता आहे, चेहरा झाकण्याचा वाद वेगळा. हजच्या वेळी इहराममध्ये असताना स्त्रीने डोके झाकलेले असते, पण नकाब घालायचा नसतो. एवढ्यावरूनही दोन्ही गोष्टी एक नाहीत हे आपल्या ध्यानात येईल.

आता शास्त्र काय सांगते? याविषयीचे मुख्य वचन 24व्या सूरहमध्ये, म्हणजे सूरह नूरमध्ये आहे. तिथे 30वी आयत आधी पुरुषांना उद्देशून आहे : त्यांनी नजर खाली ठेवावी आणि शील सांभाळावे. वादाच्या वेळी ही आयत कोणालाच आठवत नाही, ना त्यांच्याकडे ना आपल्याकडे. 31वी आयत स्त्रियांना तेच सांगते आणि पुढे जाऊन खिमार छातीवर ओढून घ्यायला सांगते. ज्यांच्यासमोर ही मर्यादा लागू नाही अशा आप्तांची यादीही तिथेच आहे. पती, वडील, सासरे, मुलगे, भाऊ, पुतणे आणि भाचे त्यात येतात. म्हणून घरात मोकळ्या केसांनी वावरणारी मुलगी दारात परका माणूस दिसताच ओढणी सावरते. 33व्या सूरहची 59वी आयत जिलबाब अंगावर ओढून घ्यायला सांगते आणि कारणही देते : त्या ओळखल्या जाव्यात आणि त्यांना त्रास दिला जाऊ नये.

भाष्यकार सांगतात की त्या काळच्या अरब स्त्रिया डोक्यावर वस्त्र घेतच असत, पण त्याची टोके पाठीमागे सोडत आणि गळा उघडा राही. आयतीने ती टोके पुढे आणायला सांगितले. यावरून सुन्नींच्या चारही परंपरा आणि शिया परंपरा असा निष्कर्ष काढतात की वयात आलेल्या स्त्रीने परपुरुषासमोर केस झाकणे हे कर्तव्य आहे. चेहऱ्याबद्दल त्यांच्यात मतभेद आहेत, केसांबद्दल फारसे नाहीत. याउलट मोरोक्कोच्या फातिमा मेर्निसी यांच्यासारखे आधुनिक अभ्यासक म्हणतात की या वचनांचा अर्थ त्या काळच्या मदिनेतील परिस्थितीतून लावला पाहिजे. आपल्याकडे हमीद दलवाई यांनी 1970 साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. स्त्रियांचे प्रश्न धर्मग्रंथाऐवजी नागरिकाच्या हक्कांच्या कसोटीवर तपासावेत, ही त्यांची भूमिका होती. तेव्हा शास्त्रापुरते सरळ उत्तर असे : बहुसंख्य उलेमांच्या मते डोके झाकणे आवश्यक आहे आणि त्याच समाजातील काही विचारवंतांना ते मान्य नाही.

यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. आम्हा जैनांमध्ये तर वस्त्रावरूनच दोन मोठे पंथ पडले. वस्त्राचा संपूर्ण त्याग केल्यावाचून मोक्ष नाही, असे दिगंबर मानतात. श्वेतांबर साधू-साध्वी पांढरे वस्त्र धारण करतात आणि ते मोक्षाच्या आड येते असे मानत नाहीत. या एका मतभेदातून पुढे स्त्रीच्या मोक्षाचा प्रश्न निघाला. त्यामुळे एकोणिसावे तीर्थंकर मल्लिनाथ श्वेतांबरांसाठी स्त्री आहेत आणि दिगंबरांसाठी पुरुष. शतकानुशतके हा वाद मिटलेला नाही, तरी दोघेही जैनच आहेत. बाहेरच्या माणसाने येऊन यातला खरा जैन कोण हे ठरवू लागावे, हे दोघांपैकी कोणालाही रुचणार नाही.

आता आपल्या घरांकडे या. आजीचा पदर डोक्यावरून खाली आलेला आपल्यापैकी किती जणांनी पाहिला? मारवाडी घरांत घुंघट होता, मराठी घरांत डोईवरचा पदर होता. तो मान होता, सवय होती आणि काही घरांत धाकही होता. याच मराठी समाजात ब्राह्मण विधवेचे केशवपन करून तिला तांबडे आलवण नेसवत आणि त्याचा पदर तिच्या मुंडण केलेल्या डोक्यावर येई. तेही शास्त्राने आवश्यक आहे असेच सांगितले जात असे. 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी सभा घेतली आणि हे काम आम्ही करणार नाही असे ठरवले. पदर आणि आलवण, दोन्ही डोक्यावरचीच वस्त्रे. पदर नको वाटला तेव्हा आपल्या आयांनी तो हळूहळू खांद्यावर आणला आणि घरे मोडली नाहीत. आलवण नको म्हणण्याची सोय त्या विधवेला नव्हती. वस्त्राची पारख करायची तर ती इथे करावी : नको म्हणता येते का?

हीच कसोटी दुसऱ्या बाजूनेही लावावी लागते. इराणमध्ये 1936 साली रझा शाह यांच्या राजवटीने हिजाबवर बंदी घातली. पोलीस रस्त्यात स्त्रियांच्या डोक्यावरची वस्त्रे ओढून काढीत आणि अनेक स्त्रियांनी घराबाहेर पडणेच सोडले. 1979 च्या क्रांतीनंतर त्याच देशात डोके झाकण्याची सक्ती आली. सप्टेंबर 2022 मध्ये महसा अमिनी ही 22 वर्षांची तरुणी हिजाब नीट नसल्याच्या आरोपाखाली ताब्यात असताना मरण पावली आणि देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. आधी सक्तीने काढले, मग सक्तीने घातले. दोन्ही वेळा तिला कोणी विचारले नव्हते.

आपल्या देशात हा प्रश्न बहुधा न्यायालयात जातो आणि तिथे त्याला वेगळे रूप येते. 1954 च्या शिरूर मठ खटल्यापासून सर्वोच्च न्यायालयाने धर्माच्या ‘अत्यावश्यक’ भागाला संरक्षण दिले. त्यामुळे अमुक प्रथा धर्मात अत्यावश्यक आहे का, हे न्यायाधीश ठरवू लागले. कर्नाटकात उडुपीच्या एका शासकीय महाविद्यालयातून सुरू झालेल्या वादात उच्च न्यायालयाने 15 मार्च 2022 रोजी सांगितले की हिजाब हा इस्लामचा अत्यावश्यक भाग नाही. पुढे 13 ऑक्टोबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची मते जुळली नाहीत. न्या. हेमंत गुप्ता यांनी बंदी उचलून धरली. न्या. सुधांशु धुलिया यांनी ती रद्द ठरवताना मुलींच्या शिक्षणाचा विचार अग्रभागी ठेवला. प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपवण्याचे ठरले.

हे वाचून ज्यांना समाधान वाटले त्या जैन वाचकांना मी 2015 सालची आठवण करून देतो. त्या वर्षी 10 ऑगस्टला राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा हा जैन धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असे म्हणून तो आत्महत्येच्या कलमाखाली आणला. आपण सर्वांनी त्या महिन्यात मूक मोर्चे काढले. 31 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली तेव्हा आपण सुटकेचा श्वास सोडला. आपली साधना आवश्यक आहे की नाही हे दुसऱ्याने ठरवावे, याचे दुःख आपण जाणतो. मग शेजाऱ्याच्या बाबतीत तेच काम इतक्या उत्साहाने अंगावर का घ्यावे?

या वादात प्रत्यक्ष किंमत मोजली जाते ती वर्गात. आमच्याच पॅथीचे उदाहरण घ्या. भिवंडी येथील एका होमिओपॅथी महाविद्यालयातील विद्यार्थिनीचे प्रकरण 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आले. हिजाबमुळे वर्गात बसू दिले नाही, म्हणून हजेरी भरली नाही. हजेरी भरली नाही म्हणून परीक्षा हुकली. शेवटी न्यायालयात महाविद्यालयाने तिला हिजाब घालून वर्गात बसू देण्याचे मान्य केले. पण गेलेला काळ परत आला नाही. शरीररचना शिकायला डोक्यावरचे वस्त्र आड येत नाही, हे मी तो अभ्यास केलेला माणूस म्हणून सांगू शकतो. शस्त्रक्रियागृहात तर सगळेच डोके झाकून उभे असतात.

मुंबईत चेंबूरच्या आचार्य-मराठे महाविद्यालयातील नऊ विद्यार्थिनींनी 2024 मध्ये तिथल्या पोशाख-नियमांना आव्हान दिले. 26 जूनला उच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. 9 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बिल्ल्यांवरील बंदीला अंतरिम स्थगिती दिली, मात्र वर्गात बुरखा घालण्याला परवानगी दिली नाही. टिळा किंवा टिकली लावून येणाऱ्यांनाही मनाई करणार का, असा प्रश्न त्या वेळी न्यायमूर्तींनी विचारला होता. मे महिन्यात बालाघाट, गोंदिया किंवा नागपूरच्या रस्त्यावर उभे राहून पाहा. स्कूटीवरच्या सगळ्या धर्मांच्या मुलींनी डोळ्यांखेरीज सगळे तोंड स्कार्फने बांधलेले असते. कोणी त्यांना कारण विचारत नाही.

‘जरुरी’ हा आपला रोजचा शब्द मूळचा अरबी. इस्लामी कायद्यातही तो आहे आणि तिथे नियम असा, की खरी निकड असेल तेव्हा मनाई सैल होते. दवाखान्यात मी याचा अनुभव घेतो. मानेतल्या गाठी किंवा थायरॉईड पाहायचा असेल तर स्कार्फ बाजूला करावा लागतो. सोबत घरची बाई असते, मी कारण सांगतो आणि ती स्कार्फ सोडते. कधी हुज्जत झाली नाही. कारण सांगितले आणि तिच्या हातून होऊ दिले, की अडत नाही.

होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी ‘ऑर्गेनॉन’मध्ये वैद्याला शिकवण दिली आहे की रोग्याला त्याच्या शब्दांत सांगू द्यावे, मध्ये तोडू नये. या प्रश्नातही मला तोच मार्ग योग्य वाटतो. ऐकत गेलो तशी मला निरनिराळी उत्तरे मिळाली. कोणी म्हणते, नमाजला डोके झाकते तसे बाहेरही झाकते, हे माझे आणि अल्लाहचे आहे. कोणी म्हणते, आई बांधायची म्हणून मी बांधते. एखादी सांगते की स्कार्फ आहे म्हणूनच अब्बूंनी बालाघाटला कॉलेजात पाठवले. एखादी आवाज खाली आणून सांगते की सासरी आल्यावर बांधावा लागला. आणि कितीतरी जणी बांधतच नाहीत, त्याही रोजे ठेवतात. या सगळ्यांना एकच औषध देणारा डॉक्टर आपल्या कामाचा नाही.

म्हणून ‘आवश्यक आहे का’ या प्रश्नाचे तीन तुकडे करा. धर्मात आवश्यक आहे का, हे त्या धर्माच्या लोकांनी आपसात ठरवावे; त्यांचा वाद चालू आहे आणि तो चालू द्यावा. कायद्यात काय, ते न्यायालय सांगेल. तिला स्वतःला आवश्यक वाटते का, हे फक्त तीच सांगू शकते आणि शेजारी म्हणून आपला संबंध एवढ्याशीच आहे. जिच्यावर घरून सक्ती होते तिला नाही म्हणण्याचे बळ शिक्षण, पगार आणि मैत्रिणी यांतून येते. ही तिन्ही दारे शाळा-कॉलेजातून उघडतात. वस्त्रासाठी तिला तिथून परत पाठवले, तर सक्ती करणाऱ्याच्याच हाती आपण तिला परत दिले.

आपल्यापैकी अनेक जण शाळांच्या समित्यांवर आहेत, दुकाने चालवतात, खोल्या भाड्याने देतात. गणवेश एक असावा हे मलाही पटते. गणवेशाच्याच रंगाचा स्कार्फ चालेल, एवढी एक ओळ नियमात घालता येते. केंद्रीय विद्यालयांत अशी सोय असल्याचे सर्वोच्च न्यायालयातील युक्तिवादात मांडले गेले होते. आणि उद्या एखादी मुलगी स्कार्फ सोडून वर्गात येऊ लागली, तर तिचीही चर्चा होऊ नये, टाळ्याही वाजू नयेत. तिची वही उघडी आहे ना, इतके आपण पाहावे.