हुकूम आणि विवेक

नव्या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात एक प्रश्न हमखास येतो. वरिष्ठांचा आदेश मनाला पटला नाही, तर काय करायचं? त्या वेळी मी विल्यम डॉज याची गोष्ट सांगते.

१७८८ साली इंग्रजांनी ऑस्ट्रेलियात सिडनी येथे कैद्यांची वसाहत वसवली. तिच्या रक्षणासाठी आलेल्या सैनिकांत डॉज हा तरुण लेफ्टनंट होता. तो खगोलशास्त्र जाणणारा, श्रद्धावंत ख्रिस्ती. वस्तीपासून जरा दूर, समुद्रालगतच्या टेकाडावर त्याने वेधशाळा उभारली. तिथे मूळ रहिवासी येऊ-जाऊ लागले. पट्येगरांग नावाच्या पंधराएक वर्षांच्या मुलीकडून तो त्यांची भाषा शिकला. शेकोटीवर आपला हात गरम करून दुसऱ्याची बोटं हलकेच दाबणं, यासाठी त्या भाषेत 'पुटुवा' हा एकच शब्द होता. तो त्याच्या वहीत आहे. तिचे लोक का रागावले आहेत, याचं तिने दिलेलं उत्तरही आहे : गोरे इथे येऊन राहिले म्हणून. भीती कशाची, तर बंदुकांची.

डिसेंबर १७९० मध्ये गव्हर्नर फिलिप यांच्या शिकाऱ्याला पेमुलवुय या मूळ रहिवाशाने भाला मारला. फिलिप यांनी हुकूम काढला : दोघांना पकडा, दहा जणांची मुंडकी आणा. पुढे तो सौम्य करून सहा जणांना पकडा, जमलं नाही तर गोळ्या घाला, असा झाला. भाला मारणाराच सापडला पाहिजे, अशी अट नव्हती. डॉजने जायला नकार दिला. मग तो वसाहतीचे पाळक रेव्हरंड जॉन्सन यांच्याकडे गेला. त्यांच्याशी बोलल्यावर तो जायला तयार झाला. मोहिमेच्या हाती कोणी लागलं नाही. परत आल्यावर मात्र, आपण मन वळू दिलं याचा पस्तावा होतो, असं त्याने उघडपणे सांगितलं. त्याला सिडनीतच राहायचं होतं. पण चूक कबूल करण्याची अट त्याने मानली नाही. १७९१ च्या अखेरीस त्याला परतावं लागलं. पुढे त्याने गुलामगिरीविरुद्ध काम केलं आणि १८३६ मध्ये अँटिग्वा बेटावर तो वारला. त्याच्या वह्या लंडनमध्ये जपलेल्या आहेत. हरवत चाललेली ती भाषा शिकायला आज पट्येगरांगच्या लोकांचे वंशज त्यांचाच आधार घेतात.

मला मात्र डॉजपेक्षा पाळकसाहेब जास्त अस्वस्थ करतात. मीही ईशज्ञानाची पदविका घेतलेली. लोक माझ्याकडे सल्ला मागतात. एका पाड्यावर बोअरवेलची जागा लोकांना नको होती. "वरून ठरलंय" म्हणत मी अंगठे घेतले. ती त्यांच्या देवाची राई होती, हे मला नंतर कळलं. त्यांची बोली मला येत नव्हती, आणि मी विचारलंही नव्हतं.

म्हणून नव्या कार्यकर्त्यांना मी सांगते : आधी बोली शिका. ज्यांच्याशी बोललो, त्यांच्याविरुद्धचा हुकूम पाळणं सोपं राहत नाही. आणि कोणी डळमळत्या मनाने तुमच्या दाराशी आला, तर त्याची टोचणी शमवायची घाई करू नका. देव कदाचित त्या टोचणीतूनच बोलत असेल.